गाडीवर आंब्याचा आणि फणसाचा चीक पडलाय, रंग न जाता कसा काढायचा?

सुरंगी

नमस्कार मंडळी. कोकणात पावस गावाजवळ आगरात गाडी उभी असते. वर हापूसचं कलम, बाजूला फणस, शेड नाही. गाडी गडद निळी मेटॅलिक, पाच वर्षांची. मागचा डावा दरवाजा चेपला होता म्हणून गेल्या वर्षी गॅरेजात रंगवून घेतलाय, बाकी सगळा रंग कंपनीचा.

सध्या गाडीवर तीन तऱ्हेचे डाग आहेत.

बॉनेटवर पिवळट-तपकिरी कडक थेंब. आंबे उतरवताना पडलेत, चार-पाच दिवस झाले. दोन थेंबांच्या कडेने पांढुरकी रेघ दिसतेय.

टपावर आणि त्या रंगवलेल्या दरवाज्यावर फणसाचा चीक. नखाने ओढला तर रबरासारखा ताणतो आणि परत बसतो.

समोरच्या काचेवर आणि बॉनेटभर बारीक ठिपक्यांचा चिकट थर, त्यावर तांबडी धूळ बसलीय. वायपर फिरवला की काच आणखी धुरकट होते.

शेजारीपाजारी कोणी रॉकेल सांगतं, कोणी थिनर, कोणी पेट्रोल, कोणी खोबरेल तेल. कुठल्या डागाला नक्की काय लावायचं? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जरा मचूळ होतं, त्याने गाडी धुतली तर चालेल का?

पॉलिशपॅड

सुरंगीताई, थिनर आणि पेट्रोल आधी बाजूला ठेवा. गाडीवर तीन वेगळे पदार्थ आहेत आणि एका बाटलीने तिन्ही निघणार नाहीत. एकच उपाय धरून लोक घासत बसतात आणि डागापेक्षा घासण्यानेच रंग जास्त खराब होतो.

काचेवरचा चिकट थर हा झाडाचा चीक नाही. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषून गोड चिकट स्राव खाली टाकतात, तो आहे. त्यात मुख्यतः साखर, म्हणून पाण्यात विरघळतो, वाळलेला असेल तर भिजायला वेळ द्यावा लागतो एवढंच. आंब्याचा चीक तेलकट असतो, सुकल्यावर साध्या पाण्याला दाद देत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. फणसाचा चीक रबरी. त्याला अल्कोहोल लावलंत तर विरघळण्याऐवजी आणखी घट्ट होतो, त्याला तेलच हवं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग तेल, शेवटी अल्कोहोल. अल्कोहोल शेवटी, कारण मागे राहिलेला तेलाचा थरही त्यानेच निघतो.

धुणं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, सावलीत. बॉनेटवर तळवा ठेवून बघा, गरम लागलं तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पूही सुकतो आणि अल्कोहोल तर काम करायच्या आधीच उडून जातं. कोरडं फडकं अजिबात फिरवू नका. जांभ्याची धूळ आणि समुद्राकडची वाळू दोन्ही रंग ओरखडतात. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत १० लिटर पाण्यात २० ते ३० मिली कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड साध्या पाण्यात पिळून, मगच परत शॅम्पूत बुडवायचं. चिकट थरावर शॅम्पूच्या कोमट पाण्यात भिजवलेला जुना टॉवेल पाचेक मिनिटं पसरून ठेवा. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम. तेवढ्यात साखर सुटते.

मचूळ पाण्याने धुवायला हरकत नाही, पण ते अंगावर वाळू देऊ नका. वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात आणि उन्हात ते पक्के बसतात. शेवटची एक बादली गोड्या पाण्याची ओता आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

फणस. कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवून डागावर ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. मग बोटाने कडेकडून मध्याकडे लोटत गोळा करा. मध्यातून बाहेर लोटलंत तर पातळ थर पसरत जातो आणि काम वाढतं. जाड गोळा असेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाला मायक्रोफायबर गुंडाळून, अगदी आडवं धरून, तेल मुरल्यावरच सरकवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. त्यानंतरही पिवळट सावली उरली तर रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर थोडंसं घेऊन एक मिनिट टेकवा, आणि लगेच शॅम्पूच्या पाण्याने धुवा. हे फक्त कंपनीच्या रंगावर. रंगवलेल्या दरवाज्यावर खोबरेलच्या पुढे जाऊ नका.

आंबा. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधांच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांचं. रंगावर ५० टक्क्यांपर्यंत पातळ करूनच वापरा. ७० टक्क्यांचं असेल तर २५० मिलीत १०० मिली पाणी, ९९ टक्क्यांचं असेल तर निम्मं-निम्मं. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. दुकानात मागताना नीट सांगा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. सॅनिटायझरची जेल नको, तिच्यातल्या घट्ट करणाऱ्या पदार्थांचा चिकट थर मागे राहतो.

आधी दाराच्या आतल्या कडेला, उघडल्यावर दिसते तिथे, थेंबभर लावून बघा. फडक्यावर रंग आला नाही आणि चकाकी गेली नाही तर पुढे जा. कापसाची चकती भिजवून थेंबावर ४५ सेकंद ते एक मिनिट ठेवा. उचलून पाहिलंत तर थेंबाची कड दुधट आणि मऊ झालेली दिसेल, मधला भाग अजून भिंगासारखा घट्ट असेल. मऊ झालेलं तेवढंच एका दिशेने टिपून घ्या, गोल फिरवू नका. चकतीची घडी बदला आणि परत ठेवा. जुन्या थेंबाला चार-पाच फेऱ्या लागतात. पाचव्या फेरीला जाणारा थेंब पहिल्या फेरीत जोर लावून काढायला गेलात की ओरखडा आलाच. प्रत्येक थेंब झाला की ती जागा ओल्या फडक्याने पुसा. अल्कोहोल लगेच पेट घेतं, जवळपास विडी, चूल, शेगडी नको.

काच. काचेवर अल्कोहोल बिनधास्त चालतं. कडक थेंब राहिला तर काच ओली करून नवं ब्लेड आडवं धरून, एकाच दिशेने सरकवा. बाहेरच्या बाजूने काही फिल्म लावलेली असेल तर ब्लेड नको. वायपरचं रबर मात्र विसरू नका. त्याच्या धारेवर साखर आणि धूळ बसलेली असते, तीच परत काचेवर येते. शॅम्पूच्या फडक्यात रबर धरून दोन-तीनदा ओढून घ्या.

सगळं झाल्यावर परत एकदा शॅम्पूने धुवून वॅक्स लावा. अल्कोहोलने आणि तेलाने जुनं वॅक्स उतरलेलं असतं, तो भाग उघडा राहिला तर पुढचा थेंब थेट रंगावर बसेल.

कलमवाला

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त आंब्याच्या बाबतीत वेळ किती महत्त्वाची आहे ते लिहितो.

देठात चीक दाबाखाली असतो. देठ फळापासून तुटला की चिळकांडी उडते, पहिल्या काही क्षणांत जास्तीत जास्त चीक बाहेर पडतो. हाच चीक फळाच्या सालीवर ओघळला की साल भाजल्यासारखी काळी पडते, म्हणून तर हापूस देठासकट उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याची (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीची) रचनाच देठ ठेवून फळ कापायची आहे. सालीवर जे होतं तेच उन्हात तापलेल्या, रंगावरच्या पारदर्शक वार्निशवर हळूहळू होतं. चीक ताजा असताना साबणाच्या पाण्याने जातो. दोन दिवस ऊन लागलं की अल्कोहोलशिवाय हलत नाही आणि खाली खूण राहण्याची शक्यता वाढत जाते. तेव्हा तोडणीच्या दिवशी गाडी झाडाखालून काढायचीच. ते जमत नसेल तर तोडणी संपल्या संपल्या टपावर आणि बॉनेटवर दोन बादल्या साबणाचं पाणी ओतून धुऊन घ्या. कोरडं पुसू नका.

फणस उतरवताना दांडा कापला की बराच वेळ चीक गळत राहतो. फांदी टपाच्या वर असेल तर फणस दोराने बांधून बाजूला उतरवा. कापलेल्या दांड्याचं फांदीवरचं टोकही गळतं, तिकडे लक्ष जात नाही.

हातमोजे घाला. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक अल्कोहोलमध्ये पातळ होऊन बोटांना लागला तर ज्यांच्या कातडीला सोसत नाही त्यांना फोड येतात. ते हात डोळ्यांना लावू नका.

काजूचं झाड जवळ असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. खोडाचा डिंक कोमट पाण्याच्या टॉवेलखाली फुगून निघतो, त्याला अल्कोहोलची गरज नाही. पण ओली बी टपावर पडून चेचली गेली तर टरफलातलं तेल फार दाहक असतं. ते दिसताक्षणी शॅम्पूने धुवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पत्रा_आणि_रंग

दरवाज्याबद्दल बोलतो, कारण चूक झाली तर तिथेच होईल.

कंपनीत रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून पक्का होतो. गाडी जोडलेली असताना तेवढी उष्णता देता येत नाही, म्हणून गॅरेजात हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) मिसळून ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर सुकवतात. नीट केलेलं काम टिकतं, पण कंपनीच्या रंगाइतकं कडक होतंच असं नाही. आणि काही ठिकाणी अजूनही हार्डनरशिवायचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारतात. तो थिनरने कितीही वर्षांनी विरघळतो, अल्कोहोलनेही मऊ पडू शकतो. ताई, दरवाज्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या फडक्यावर पातळ केलेलं अल्कोहोल घेऊन दहा सेकंद टेकवा. मेटॅलिकवर पारदर्शक वार्निशचा थर असतो, त्यामुळे फडक्यावर निळं यायलाच नको. निळं आलं, किंवा जागा बोटाला चिकट लागली, तर त्या दरवाज्यावर फक्त खोबरेल आणि शॅम्पू. वेळ दुप्पट लागेल, पण रंग शाबूत राहील.

आता कशाने काय होतं ते एकदा स्पष्ट करतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर रंग मऊ करतात आणि हेडलॅम्पचं पॉलिकार्बोनेट तडकवतात, बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत. पेट्रोलने चीक सुटतो खरा, पण ते दारांच्या रबरी बीडिंगमध्ये मुरतं, रबर फुगतं, आणि आगीचा धोका आहेच. रॉकेल पक्क्या रंगाला लगेच खात नाही, हे मान्य, पण ते सावकाश उडतं, तेलकट थर ठेवतं आणि त्यावर तुमच्याकडची तांबडी धूळ चिकटते. टर्पेंटाइन त्यापेक्षा स्वच्छ. डब्ल्यूडी-फोर्टी (गंज सोडवायचा फवारा) त्याच जातीचं काम करतं, फणसाच्या चिकावर चालेल. फवारा थेट मारू नका, फडक्यावर घ्या, आणि ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका.

क्ले बारबद्दल (रंगावरचे बारीक कण उचलणारी मऊ वडी) कोणी लिहिलं नाही तेच बरं, कारण थेंबावर क्ले फिरवणं चुकीचं आहे. तो चीक उचलत नाही, मऊ झालेला चीक पसरवतो आणि त्यात अडकलेला कण ओरखडत जातो. क्लेचं काम थेंब निघाल्यानंतर. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं रंगावर फिरवा. खरखर लागली तर शॅम्पूचं पाणी भरपूर टाकून क्ले अलगद फिरवायचा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, आपल्याकडच्या मातीत तो परत वापरण्याजोगा राहत नाही.

ती पांढुरकी रेघ म्हणजे वार्निशवर झालेला परिणाम. थेंब काढल्यावर गाडी धुऊन कोरडी करा आणि तिरक्या उजेडात बघा. नख अलगद ओढा. अडकत नसेल तर बारीक पॉलिशने जाण्याजोगी आहे. अडकत असेल तर पॉलिशच्या मशीनचं काम, आणि आधी रंगाची जाडी मोजणाऱ्याकडूनच करून घ्या. कंपनीचा वार्निशचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्याच्या आसपास. त्यातला प्रत्येक पॉलिशला थोडा जातो, परत येत नाही. सगळी खूण काढायच्या हट्टापायी थर संपवण्यापेक्षा पुसटशी खूण राहिलेली चांगली, हे माझं ठाम मत.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं त्याच क्रमाने केलं. साखरेचा थर टॉवेलने गेला, फणस खोबरेलने निघाला. दरवाज्याच्या कडेला फडक्यावर निळं आलं, म्हणून तिथे अल्कोहोल लावलं नाही. बॉनेटवरचे थेंब निघाले, पण त्या दोन जागी गोल कडा दिसतात, नख अडकत नाही. मशीन नाही. हाताने करायचं तर काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं? आणि वर कव्हर घालून ठेवलं तर हे टळेल का?

पॉलिशपॅड

फिनिशिंग पॉलिश घ्या, डब्यावर ‘रबिंग कंपाउंड’ लिहिलेलं घेऊ नका, ते जाड असतं. फोमचा हातपॅड, त्यावर वाटाण्याएवढे दोन ठिपके. तळहाताएवढीच जागा घ्या, मधल्या जोराने आडवं आणि मग उभं, २० ते ३० वेळा. बोटांच्या टोकांनी दाबू नका, टोकाखाली खळगा पडतो. पॉलिश पातळ आणि जवळजवळ पारदर्शक झालं की पुसा आणि अल्कोहोलच्या फडक्याने एकदा टिपा. हे टिपणं गाळू नका. पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून काढतं आणि डाग गेल्याचा भास होतो, धुतल्यावर परत दिसतो. अशा तीन फेऱ्यांत सुधारणा दिसेना तर थांबा. बॉनेटच्या कडा आणि उंचवट्याची धार सोडून द्या, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

लगेच त्यावर सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) किंवा वॅक्स. आपल्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात कार्नौबा वॅक्स (नैसर्गिक मेण) काही आठवडेच टिकतं, सिंथेटिक सीलंट जास्त चालतं. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की परत लावायची वेळ झाली. सिरॅमिक कोटिंग केलेल्यांनीही गाफील राहू नये. त्यावरून चीक सोपा सुटतो, पण उन्हात पडून राहिला तर तिथेही खूण उमटते.

दरवाज्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हातानेच वॅक्स लावत राहा, पॉलिश नको. निळं येतंय म्हणजे वर वार्निश नाही किंवा फारच पातळ आहे.

खाडीकाठ

ताई, झाडाखाली कव्हर घालायचं तर विचार करून. पातळ कापडी कव्हरातून चीक झिरपतो आणि कापडच रंगाला चिकटतं, मग ते सोडवणं थेंब काढण्यापेक्षा कठीण. जाड प्लॅस्टिकच्या कव्हरात दमटपणा कोंडतो. खारा वारा सुटला की कव्हर हलत राहतं आणि खालची धूळ रंगावर घासली जाते. धुतलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवर, वारा नसलेल्या जागी घालणार असाल तरच कव्हर कामाचं.

त्यापेक्षा मांडव घाला. चार खांब, वर बांबू, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर माडाचे झाप. झाप उन्हाचा ताप घेतात, ताडपत्री चीक अडवते. नुसत्या झापांच्या फटींतून तुडतुड्यांचा स्राव खाली येतो, हिरव्या शेडनेटमधूनही येतो, म्हणून ताडपत्री हवीच. एका बाजूला फूटभर उतार द्या, नाहीतर अवकाळीच्या एका सरीत पाणी साचून मधोमध झोळ पडतो. टपापासून निदान दोन फूट वर, म्हणजे वाऱ्याने फडफडली तरी गाडीला लागणार नाही. पावसाआधी ताडपत्री उतरवा किंवा दोऱ्या दुप्पट करा.

आणि आता गाडी धुतलीच आहे तर बॉनेट उघडून काचेच्या बुडाशी असलेली जाळी बघून घ्या. झाडाखालच्या गाडीत मोहोर आणि पानांचा चुरा तिथे साचतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग जूनमध्ये पाणी एसीच्या ब्लोअरकडे जातं आणि पायाखालचं कार्पेट ओलं होतं. चुरा हाताने काढा, मग एक तांब्या पाणी ओता. पाणी चाकाच्या मागून खाली पडताना दिसलं की भोकं मोकळी आहेत. तुंबून राहिलं तर भोकात तार खुपसू नका, आतली रबरी नळी फाटते. हवेच्या नळीने हलका झोत मारून घ्या, टायर पंक्चरवाल्याकडेही होईल.